आयाळीत वेणी दिसली म्हणून चोर आला असं नाही

सकाळी घोड्याच्या आयाळीत वेणी दिसते आणि दुपारपर्यंत बोंब उठते: हा घोडा चोरायचा म्हणून चोरांनी खूण करून ठेवली! कात्री लावण्याआधी ती वेणी नीट पाहा. माणसाने घातलेल्या वेणीत तीन पेड क्रमाने एकमेकांवरून जातात आणि टोक बांधलेलं असतं. वारा, दमटपणा आणि मान घासणं यांनी होतो तो नुसता पीळ. बटा एकमेकींभोवती गुंडाळतात, मध्ये फास पडतो, टोकं मोकळी राहतात. लांब आयाळ विंचरली नाही की हे व्हायचंच. फोटो काढा, मग बोटांना तेल लावून खालून वर सोडवा. आणि ज्याला घोडा हेरायचा आहे, तो अंधारात वेण्या घालत कशाला बसेल?

बातमी पुढे पाठवण्याआधी विचारा: स्वतः कोणी पाहिलं, कोणत्या तारखेला, पोलिसांत तक्रार झाली का? तारीख नसलेला मजकूर वर्षानुवर्षं फिरत राहतो. संशयित गाडीचा नंबर पोलिसांना द्या, गटावर टाकू नका. गाडी नालबंदाची निघते आणि तो नाहक अडचणीत येतो.

भीती वाटतेच आहे, तर ती फाटकावर खर्च करा. कडीला भक्कम कुलूप असतं, पण फाटक बिजागऱ्यांवरून सरळ उचलून काढता येतं. वरच्या बिजागरीचा खुंटा उलटा, खाली तोंड करून बसवा आणि त्या बाजूलाही साखळी-कुलूप लावा. कुरणात म्होरकी घालून ठेवू नका: चोराला आयता दोर मिळतो, शिवाय ती कुठे अडकली तर घोडा जखमी होतो. तबेल्यात घोडा उभा असतो त्या खणाच्या दाराला मात्र कुलूप नको. आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

ओळखीसाठी मायक्रोचिप, म्हणजे मानेत सुईने टोचायची क्रमांकाची बारीक चिप, बसवा. तिचा क्रमांक सहसा १५ अंकी असतो. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून ती वाचून घ्या, आणि नोंदणीतला फोन नंबर तपासा. चिप चालू पण नोंद जुन्या मालकाची, हा घोळ नेहमीचा. फोटो चारही बाजूंनी काढा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळे, कारण अंगावरचे केस बदलतात. करडा घोडा तर वयाबरोबर पांढरा होत जातो. भोवरे बदलत नाहीत, म्हणून कपाळावरच्या आणि मानेवरच्या भोवऱ्यांचे जवळून फोटो हवेतच.

घोडा खरंच दिसेनासा झाला, तर आधी कुंपण फिरून पाहा. तार वाकून तुटली आहे की कापली आहे? कापली असेल तर हात न लावता आधी पोलिसांना आणि मग चिप नोंदणीला कळवा.