ओढ्यातून काढलेल्या जुन्या फोर-बाय-फोरचं ऑइल आधी बघा

पावसाळ्यात ठाण्याहून मुरबाड-माळशेजकडे जाऊन गाडी ओढ्यातून काढली असेल, तर वरून धुऊन भागत नाही. रात्रभर ती सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, खाली शिरा.

धावून तापलेलं डिफरन्शियल (एक्सलच्या मध्यावरचा, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. त्याचा वरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड, चिखलाने बुजला असेल, तर ते झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढतं. माझ्या जीपचं ऑइल असंच दुधाच्या चहासारखं झालं होतं. वेळेत दिसलं म्हणून आतले क्राउन-पिनियन हे गिअर वाचले.

आधी नवं ऑइल भरायचा वरचा फिलर बोल्ट सुटतो का बघा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल काढून टाकलं, तर गाडी जागेवरच अडकेल. मग खालचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून आधी तेच गळतं. पाणी दिसलं किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर सगळं बदला. पुढचंही डिफरन्शियल बघा, ते हमखास विसरलं जातं.

ब्रीदर डिझेलने साफ करा, नाहीतर त्याला रबरी नळी जोडून टोक बॉनेटखाली उंच बांधा. हा खर्च अगदी किरकोळ आहे. प्रोपेलर शाफ्टच्या (डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यांत, नवं ग्रीस जुनं बाहेर येईपर्यंत मारा.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. गटारात ओतलेलं शेवटी आपल्याच खाडीत जातं.