पितळी पातेल्याला घरी कल्हई

माझे वडील सायकलला भाता बांधून गावोगाव कल्हई करत फिरायचे. भाता मारायचं काम माझं. आता लोक आजीची पातेली माळ्यावरून काढतात आणि कल्हईवाला कुठे मिळेल म्हणून विचारतात. नाहीच मिळाला तर पहिल्यांदा एखाद्या लहान वाटीवर स्वतः करून बघा.

कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा (टिनचा) पातळ थर. तो नसेल तर पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवू नका. आंबटाने पितळेतलं तांबं उतरतं, पदार्थ कळकतो आणि पोटात गेला तर मळमळ, उलट्या होतात.

सामान थोडंच लागतं: कथील, नवसागर (अमोनियम क्लोराईड), कापूस, सांडशी आणि लोणारी म्हणजे लाकडाचा कोळसा. यातलं कथील पारखून घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की कर्रर्र आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर ओढलं तर करडी रेघ उमटवतं. सोल्डरची तार तर अजिबात नको, तिच्यात बहुधा शिसं असतं. ताटात शिसं जाण्यापेक्षा पातेलं माळ्यावरच राहिलेलं बरं.

भांडं आतून चिंच आणि बारीक वाळूने लख्ख घासा. तेलकटपणा राहिला तर कथील पसरत नाही, दव पडल्यासारखे थेंब होऊन बसतं. धुऊन कोरडं करा.

अंगणात हातभर खड्डा करून कोळसा पेटवा. वारा पाठीमागून येईल असं बसा, मुलांना लांब ठेवा, हातात जाड मोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच. कोळसा आणि फुंकलेला वारा ही जोडी फार जुनी आहे. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, उघड्या चुलीला ते झेपत नाही. माणसाने फुंकून फुंकून तो ताव गाठला आणि त्याच वेळी कोळशातल्या कार्बनने तांब्याच्या हिरव्या खनिज दगडातला ऑक्सिजन ओढून घेऊन तांबं मोकळं केलं. कार्बन हा अधातू. तो नसता तर आपल्या हाती नुसता दगडच राहिला असता. कोळशाला नुसतं इंधन म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही.

आपल्याला मात्र एवढा ताव नको. कथील २३२ अंशांनाच वितळतं. भांडं सांडशीने धरून निखाऱ्यावर फिरवत तापवा आणि कांडी आत टेकवून बघा. ती लोण्यासारखी सुटली की ताव आला. मी पहिलं पातेलं जास्त तापवलं होतं. कथील पिवळं पडून काळवंडलं आणि सगळं पुन्हा घासावं लागलं.

ताव आला की चिमूटभर नवसागर टाका. पांढरा धूर उठेल, तो छातीत घेऊ नका. तापलेल्या नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड सुटतात. हा दुसरा वायू धातूवर धरलेला काळा थर खातो, खालून कोरा धातू निघतो आणि कथील त्यालाच चिकटतं. लगेच कांडी फिरवा आणि सांडशीत धरलेल्या कापसाच्या बोळ्याने तळापासून काठापर्यंत झरझर पुसत न्या. हात थांबला की डाग राहतो. हेच कथील तांब्यात वितळवून मिसळलं, चार भागांना एक असं, की तळपायाला घासायच्या वाटीचं कासं होतं.

पातेलं बाहेरच्या बाजूने पाण्यात टेकवून निववा. आत पाणी ओतू नका, वाफ अंगावर येते. मग साबणाने दोनदा धुवा.

तारेच्या घासणीने घासू नका. रिकामं भांडं गॅसवर ठेवू नका, कल्हई ओघळते. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. आत पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई.