सुगरणीचा खोपा विणताना पाहायचा असेल तर

सुगरणीचे खोपे सगळ्यांना माहीत असतात, पण वाळलेले, रिकामे आणि बरेचदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेले. विणकाम चालतं ते भर पावसात, जून ते सप्टेंबर. आमच्या अलिबागकडे भाताची रोपं वर आली की मी विहिरीकडे कान लावून असते, कारण वसाहत डोळ्यांआधी कानांनाच सापडते. 'चिट-चिट' असा एकसारखा गलका आणि मधूनच सगळ्यांनी मिळून ओढलेला लांब 'ची-ई-ई' सूर ऐकू आला, की त्या दिशेने चालू लागा.

झाड बहुतेक वेळा पाण्यावर झुकलेलं असतं: शिंदी, बाभूळ नाहीतर माड. खाली पाणी आणि फांदीला काटे असले की सापाला वर पोचणं जड जातं. खोपे बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला लटकतात, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊसवारा झाडाच्या पाठीवर येतो. तुम्हीही पूर्वेलाच बसा. सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी राहतं आणि खोपे समोर उजळतात. पंधरावीस पावलं लांब, छत्री किंवा इरलं घेऊन, रोज त्याच जागी बसा. दुर्बीण असेल तर उत्तम, पण नसली तरी अडत नाही.

विणतो तो नर. या दिवसांत त्याचा माथा पिवळाधमक आणि चेहरा काळपट असतो, मादी मात्र चिमणीसारखी साधी. आधी त्याचं पातं काढणं पाहा. भाताच्या किंवा झावळीच्या पात्याला बुडाशी तो चोचीने खाच पाडतो, कडा पकडतो आणि उडतो. त्या उडण्याच्या जोरानेच पट्टी सोलून येते, वीतभर ते दीड हात लांब. अशा पाचशेपर्यंत खेपा एका खोप्यामागे होतात. पट्टी हिरवी असतानाच तो ती विणून टाकतो, कारण वाळली की ती वळत नाही.

मग पायाने पट्टी धरायची, टोक चोचीने फांदीभोवती फिरवायचं, आतून ओढून घ्यायचं, गाठ आवळायची. आधी देठ, मग त्याखाली उभं कडं. या कड्यात बसूनच तो पुढचं सगळं विणतो. साधारण आठ दिवसांत खोपा अर्धा होतो: वर टोपीसारखा घुमट, खाली दोन उघडी तोंडं आणि मधे एक आडवी पट्टी. याच सुमाराला तो आतल्या भिंतीला ओल्या चिखलाचे गोळे लावतो. त्यात काजवे चिकटवतो असं लोक सांगतात. मी ते कधी पाहिलेलं नाही.

हा टप्पा अजिबात चुकवू नका. माद्यांचा घोळका आला की सगळे नर एकदम आपापल्या अर्धवट खोप्याला लटकून पंख फडफडवत ओरडू लागतात. एखादी मादी एका खोप्यात शिरते, आडव्या पट्टीवर बसते, विणीचे धागे चोचीने ओढून पाहते. पसंत पडलं तर थांबते, नाही तर शेजारच्याकडे जाते. तिचा होकार आल्यावरच नर पट्टीच्या एका बाजूला अंड्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी पुरी करतो. पूर्ण खोप्याला एकूण अठराएक दिवस लागतात. झाडावर जे कितीतरी अर्धे खोपे तसेच राहिलेले दिसतात, ते बहुतेक नापसंत झालेले.

मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर तोवर जवळच दुसरा खोपा सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहत असतो. अर्धा खोपा, पाहणी आणि मगच संसार, हा क्रम पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० साली आमच्याच तालुक्यातल्या किहीमला बसून टिपला. तोपर्यंत कुणी तो असा उलगडून सांगितला नव्हता.

पिल्लं असताना झाडाखाली जाऊ नका, फांदी वाकवून फोटो काढू नका. खोपा तोडणं तर दूरच. घरात टांगण्यासाठी काढलेला खोपा पाहिला की मला फार वाईट वाटतं, कारण रिकामे खोपेही वाया जात नाहीत. हिवाळ्यात मुनिया रात्री त्यांत झोपतात.

मुलांना विणकाम हातात घेऊन दाखवायचं असेल तर वाऱ्याने आपसूक खाली पडलेला जुना खोपा उचला आणि कात्रीने उभा चिरा. देठाजवळच्या गाठी, मधली आडवी पट्टी, सुकलेला चिखल, सगळं आत सापडतं. मुलांना एकच धागा देऊन तो न तोडता शेवटपर्यंत सोडवायला सांगा.