टीम सारखी हरतेय? मग ड्राफ्ट तरी नीट बघा

२०२४ ला शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ मॅच हरले, त्यात सलग २१ हरायचा पराक्रम पण करून दाखवला. आधुनिक बेसबॉलमधे एका सीझनला इतक्या मॅच कुणीच घालवल्या नव्हत्या. अशा टीमच्या फॅनला जुलैमधे बघण्यासारखं एकच उरतं, अमॅच्युअर ड्राफ्ट, म्हणजे हायस्कूल-कॉलेजची पोरं टीमनी पाळीपाळीने निवडून घ्यायची. पण तो कसा बघायचा हे माहीत नसेल तर तिथे पण डोक्याला तापच. शिकागोकडे नवीन आलेले आपले लोक विचारत असतात की ही भानगड नेमकी काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं काम, आयपीएलचं ऑक्शन डोक्यातून काढून टाका. तिथे बोली लागली की थोड्याच महिन्यांत पोरगा वानखेडेवर खेळताना दिसतो. इथे हायस्कूलमधून उचललेला पोरगा आधी मायनर लीगा, म्हणजे मोठ्या लीगच्या (मेजर लीगच्या) खालच्या लेव्हल, झिजवणार, व्हाइट सॉक्सचा असेल तर कॅनापोलिस, मग विन्स्टन-सेलम, मग बर्मिंगहॅम, मग शार्लट, आणि सगळं सुरळीत गेलं तर चार-पाच वर्षांनी तुमच्या मैदानावर. कॉलेजवाले थोडे लवकर येतात. आणि इथे पैसे जास्त मोजून कुणाला पळवता येत नाही, नंबर आला की निवडायचं, बस. तो नंबर, म्हणजे पिक, विकता पण येत नाही (एक-दोन खास प्रकारचे सोडले तर), त्यामुळे "आपला पिक देऊन कुणीतरी मोठा बॅटर आणा" असली चर्चा ग्रुपवर सुरू झाली की सरळ दुर्लक्ष करा.

दुसरं, टीम हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसू नका. खरंच सांगतो, काही उपयोग नाही. आधी जो सगळ्यात वाईट त्याला पहिला पिक असा साधा हिशोब होता, पण टीम मुद्दाम हरायला लागल्या म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून लॉटरी आली. प्लेऑफला न गेलेल्या १८ टीम त्यात असतात, पहिले सहा नंबर लॉटरीने ठरतात आणि तळाच्या तिघांना पहिल्या नंबरचा चान्स सारखाच, प्रत्येकी १६.५ टक्के. म्हणजे तळाच्या तिघांत असाल तर आणखी वीस मॅच हरून काडीचा फरक पडत नाही. त्यात वर अजून एक नियम. मोठी कमाई असलेल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीचा पिक मिळत नाही, लहान टीमला लागोपाठ तीन वर्षं नाही. व्हाइट सॉक्सने २०२४ ला पाचवा पिक घेतला होता, मग १२१ मॅच हरून २०२५ ला मिळालं काय तर दहावा नंबर! पहिला गेला वॉशिंग्टनला, जे ९१ हरले होते. पुढच्या वर्षी गंमत बघा, कोलोराडो रॉकीज ११९ हरले आणि त्याच नियमात अडकून दहावे, आणि १०२ हरलेल्या व्हाइट सॉक्सला डिसेंबर २०२५ च्या लॉटरीत थेट पहिला नंबर. त्यामुळे सीझन संपला की आधी आपली टीम पात्र आहे का ते बघा आणि मगच डिसेंबरच्या लॉटरीला नवस बोला.

आता खरा मुद्दा, पैसा. बहुतेक फॅन इथेच गंडतात. पहिल्या दहा राउंडमधल्या प्रत्येक पिकला एक ठरावीक किंमत असते, त्याला स्लॉट म्हणतात, आणि त्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे टीमचं बजेट. हे बजेट कुणावर कसं वाटायचं ते टीमच्या हातात. बजेटच्या वर गेलात तर जादा रकमेवर ७५ टक्के टॅक्स, आणि पाच टक्क्यांहून जास्त वर गेलात तर पुढचा पहिल्या राउंडचा पिकच जातो, म्हणून तिथपर्यंत कुणी जात नाही. याचा अर्थ असा की पहिल्या नंबरवर सगळ्यात भारी पोरगा न घेता थोडा स्वस्तात तयार होणारा घ्यायचा आणि वाचलेले पैसे खाली खर्च करायचे, ही चाल कायम खेळली जाते. २०१२ ला ह्यूस्टन अॅस्ट्रोजने हेच केलं. पहिल्या पिकचा स्लॉट ७२ लाख डॉलर, त्यांनी कार्लोस कोरेयाला ४८ लाखात घेतलं, आणि वाचलेल्यातून ४१ व्या नंबरवर लान्स मॅकलर्स ज्युनियरला २५ लाख देऊन कॉलेजला जाण्यापासून थांबवलं. दोघंही २०१७ ला वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकलेल्या टीममधे होते. २०२५ ला वॉशिंग्टनने पण ओक्लाहोमाच्या १७ वर्षांच्या इलाय विलिट्सला ८२ लाखात साइन केलं, स्लॉट होता १ कोटी १० लाखांच्या वर. तेव्हा पहिलं नाव ऐकून "हा कोण?" असं झालं तर लगेच शिव्या घालू नका, दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला कुणाला जास्त पैसे गेले ते बघा आणि मग बोला. तसंच सातव्या ते दहाव्या राउंडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची पोरं दिसतील ज्यांचं नाव कुणीच ऐकलेलं नाही. ती बऱ्याचदा काही हजार डॉलरवर साइन होतात, पैसे वाचवायला घेतलेली असतात, त्यावर डोकं खाजवत बसायचं कारण नाही.

पोरांचा अभ्यास करायचा तर बेसबॉल अमेरिका आणि एमएलबी पाइपलाइन या साइटच्या याद्या पुरे. तिथे २० ते ८० असे मार्क असतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. होम रनचे व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका, कॉलेजमधे धातूची बॅट असते. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला आउट) बाहेर जाणाऱ्या खालच्या स्लायडरला, म्हणजे वळणाऱ्या बॉलला, पोरगा बॅट घालतो का सोडतो, ते बघा. हातातली बॅट सुरू होऊन थांबली तर मला तो पोरगा आवडतो. आणि उन्हाळ्यात केप कॉड लीगला (कॉलेजच्या पोरांची लीग) लाकडी बॅटने काय केलं ते पण बघायचं. पिचरचं सांगायचं तर माझं मत स्पष्ट आहे, शाळकरी पिचरवर वरचा पिक घालवू नये, कोपर कधी जाईल सांगता येत नाही. मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कुणाला घेईल याचे अंदाज, वाचा पण मजा म्हणून, शेवटच्या दिवशीचा त्यातल्या त्यात खरा.

ड्राफ्ट जुलैत ऑल-स्टार मॅचच्या (निवडक स्टार खेळाडूंची मॅच) आठवड्यात असतो, एकूण २० राउंड. भारतातून बघणार असाल तर २०२५ ला तो तिकडे रविवारी संध्याकाळी सहाला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीन. जागायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा, पहिला तास सोडला तर सकाळी यादी बघितली तरी चालतं.

निवडला म्हणजे आपला झाला असं पण नाही. कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची, त्याला २०२१ ला न्यूयॉर्क मेट्सने दहावा घेतला, मेडिकल बघून कच खाल्ली आणि साइनच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सासने तिसराच उचलला. मेट्सना बदल्यात ११ वा पिक मिळाला, कारण वरचा पिक साइन झाला नाही तर पुढच्या वर्षी एक नंबर खालचा मिळतो. अॅस्ट्रोजचा २०१४ चा पहिला पिक ब्रेडी एकन असाच हुकला, आणि त्या भरपाईत आला अॅलेक्स ब्रेगमन. त्यामुळे साइन करायची मुदत संपेपर्यंत जर्सीवर नाव छापून घेऊ नका.

आणि एकाच पोरावर सगळा भार टाकू नका. पिट्सबर्ग पायरेट्सना २०२३ ला पिचर पॉल स्कीन्स मिळाला, वर्षाच्या आत तो मेजर लीगला आला, रुकी ऑफ द इयर झाला, २०२५ ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा अवॉर्ड) पण घेतला, आणि पायरेट्स दोन्ही वर्षं डिव्हिजनमधे, म्हणजे आपल्या गटात, शेवटचेच. उलट पुढे मोठे स्टार झालेल्यांत अल्बर्ट पुहोल्स १३ व्या राउंडचा, माइक पियाझा तर ६२ व्या, तेव्हा इतके राउंड असायचे. म्हणून ऑगस्टमधे टीमच्या वरच्या पाच-सहा पोरांची नावं फोनमधे सेव्ह करून ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात कोण कुठल्या लेव्हलला आहे ते बघा. जो वर्षभरात दोन लेव्हल चढला असेल त्याच्याकडे लक्ष ठेवा, बाकीच्यांना अजून एक वर्ष द्या.