चामड्याचे काम सुरू करताना साहित्य आणि हत्यारे निवडण्यात या चुका टाळा

चामड्याचे काम शिकू पाहणारा माणूस बहुधा हत्यारांपासून सुरुवात करतो. चाळीस-पन्नास नगांचा तयार संच त्याला दिसतो, त्यात सुया, दोरे, छिन्न्या, ठसे, चाकू असे सारे काही असते, आणि तो घेतला की तयारी झाली असे वाटते. मग जे चामडे सहज मिळेल ते आणले जाते आणि त्यातून काय करता येईल याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा आहे. काय बनवायचे हे आधी ठरले की त्यावरून चामड्याचा प्रकार आणि जाडी ठरते, जाडीवरून दोरा, दोऱ्यावरून टाक्यांमधले अंतर आणि त्या अंतरावरून भोके पाडण्याचे हत्यार ठरते. काम बिघडले की नवशिक्या आपल्या हाताला दोष देतो, पण बहुतेक वेळा या साखळीतली एखादी कडी आधीच चुकलेली असते. ती कोणती हे ओळखता आले, तर दुरुस्ती फारशी अवघड नसते.

चामडे कसे कमावले आहे हे न पाहता घेणे

माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कच्चे कातडे कुजू नये म्हणून ते कमावले जाते आणि त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत झाडांच्या साली, पाने किंवा शेंगा यांतील टॅनिन कातड्यात मुरवले जाते. ही जुनी आणि संथ रीत असून तिला कित्येक आठवडे, कधीकधी महिने लागतात. दुसऱ्या रीतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. तिचे पहिले यशस्वी पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत १८८४ साली घेतले, आणि या रीतीत प्रत्यक्ष कमावण्याचे काम साधारण एखाद्या दिवसात आटोपते. आज जगात तयार होणारे बहुतांश चामडे क्रोमचे असते, त्यामुळे न विचारता घेतलेला तुकडा क्रोमचाच निघण्याची शक्यता जास्त.

क्रोमचे चामडे वाईट नसते. ते मऊ असते, त्याचे रंग टिकाऊ असतात आणि पाण्याचा त्रास त्याला कमी होतो. पण नवशिक्याला शिकवण्यांत जी कामे दाखवली जातात, म्हणजे कड घासून चकचकीत करणे, ओले करून आकार देणे, ठसा उमटवणे, ती सारी वनस्पतीच्या टॅनिनने कमावलेल्या, ज्याला व्हेज टॅन म्हणतात, त्या चामड्यावर केलेली असतात. क्रोमच्या तुकड्याची कड तासभर घासली तरी तिचे तंतू पुन्हा उभे राहतात, आणि त्यावर मारलेला ठसा थोड्याच वेळात पुसट होतो. असे घडत असेल तर घासण्याची पद्धत बदलण्याआधी कापलेली कड नीट पाहावी. व्हेज टॅनची कड आतपर्यंत फिकट तपकिरी दिसते, तर आरपार न रंगवलेल्या क्रोमच्या कडेत निळसर-करड्या रंगाचा थर दिसतो. वरून कोणताही लेप नसलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो चटकन मुरतो आणि तेवढी जागा गडद होते. चामड्यावर लेप असेल तर या थेंबावर विसंबू नये. शंका राहिल्यास विक्रेत्याला सरळ विचारावे, कारण हा प्रश्न त्याला नवा नसतो.

चुकून क्रोमचे चामडे घेतले गेले असेल तर ते टाकून देण्याची गरज नाही. त्याच्या कडा दुमडून शिवाव्यात किंवा त्यांना कडेचा खास रंग द्यावा, आणि त्यातून मऊ पिशवी, चष्म्याची थैली अशा वस्तू कराव्यात. शिकण्यासाठी मात्र पहिला तुकडा व्हेज टॅनचाच असावा.

याच जोडीने ‘जेन्युइन लेदर’ या छापाबद्दलही सांगणे आवश्यक आहे. त्या शब्दांवरून वस्तू चामड्याची आहे एवढेच कळते, दर्जा कळत नाही. कातड्याचा वरचा घट्ट विणीचा थर काढून उरलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप देऊन विकलेले चामडेही याच नावाखाली येऊ शकते. कडेकडे पाहिल्यावर वर वेगळी पातळ झिल्ली दिसली, किंवा तुकडा दुमडल्यावर ती सुरकुतून सुटू लागली, तर तो तुकडा शिकण्यासाठी घेऊ नये. चामड्याचा भुगा डिंकाने जोडून केलेल्या ‘बॉन्डेड’ तक्त्यांपासून तर दूरच राहावे. त्यांत टाका टिकत नाही.

जाडीचा आणि जागेचा हिशेब न करणे

चामड्याची जाडी काही ठिकाणी मिलिमीटरमध्ये, तर काही ठिकाणी औंसात सांगतात. १ औंस म्हणजे एका इंचाचा ६४ वा भाग, अर्थात सुमारे ०.४ मिलिमीटर. कमरेच्या पट्ट्याला ३ ते ४ मिलिमीटर जाडी लागते, पाकिटाच्या बाहेरच्या भागाला १.२ ते १.५ आणि आतल्या कप्प्यांना ०.८ ते १ मिलिमीटर पुरते. नवशिक्याला जाड चामडे मजबूत वाटते आणि तो सगळ्या भागांसाठी २ मिलिमीटरचे घेतो. पण पाकिटाच्या कडेला तीन कप्पे आणि बाहेरचा भाग एकावर एक आले की तिथे ८ मिलिमीटरची भिंत उभी राहते. ती छिन्नीने सरळ भेदता येत नाही, टाका नीट बसत नाही आणि पाकीट मिटत नाही. अशा वेळी कप्प्यांच्या कडा रापीने, म्हणजे चामडे तासण्याच्या रुंद पात्याच्या चाकूने, तासून पातळ कराव्या लागतात, परंतु तासणे हे हाताला उशिरा साधणारे काम आहे. त्यामुळे सुरुवातीला चामडे विकत घेतानाच ते यंत्रावर हव्या जाडीचे करून मिळेल का हे विचारणे शहाणपणाचे. कागदावर सर्व थरांची बेरीज करून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ती बेरीज न केल्यामुळे वाया गेलेली पाकिटे मी बरीच पाहिली आहेत.

तुकडा कातड्याच्या कोणत्या भागातला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, खांद्यावर सुरकुत्या असल्या तरी तो वापरण्याजोगा असतो, आणि पोटाचा भाग सैल व ताणणारा असतो. पोटाचे तुकडे स्वस्त मिळतात, म्हणून त्यांचाच पट्टा कापला जातो, आणि काही महिन्यांत तो लांबून वाकडा होतो. पट्टा नेहमी पाठीच्या भागातून आणि कण्याच्या दिशेला समांतर कापावा, कारण त्या दिशेने चामडे कमी ताणते. पोटाचा तुकडा आधीच हाती असेल तर तो सरावाला आणि रंगाच्या चाचणीला वापरावा. त्या कामाला तो उत्तम आहे.

बोथट पाते आणि चुकीचा आधार

कापताना पात्यापुढे चामड्याची घडी उठत असेल, कड खालच्या बाजूला तंतुमय राहत असेल किंवा जोर लावावा लागत असेल, तर पाते बोथट झाले आहे. जोर लावून कापताना चाकू घसरतो आणि जखम होते ती याच क्षणी. सुरुवातीला तुकडे मोडून नवे टोक पुढे काढण्याचा साधा कटर पुरेसा आहे, मात्र टोक वेळेवर मोडले पाहिजे. रापी घ्यायची असेल तर तिच्याबरोबर धारेचा दगड आणि पाते घोटण्यासाठी चामड्याची पट्टीही घ्यावी, कारण नवी रापी बऱ्याचदा कामाच्या धारेची नसते. जाड चामडे एका घावात कापू नये. पाते उभे धरून दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापल्यास कड काटकोनात राहते. पट्टी पोलादाची असावी, कारण प्लास्टिकच्या पट्टीची कड पाते सोलून काढते.

भोके पाडण्याची हत्यारे

संचांमध्ये ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटर अंतराच्या छिन्न्या एकत्र दिलेल्या असतात आणि त्यांतली एकही धड नसते. त्यापेक्षा एकाच अंतराच्या दोन चांगल्या छिन्न्या घ्याव्यात. ४ मिलिमीटर अंतराची एक चार किंवा सहा दातांची सरळ ओळीसाठी आणि एक दोन दातांची वळणासाठी, एवढ्यावर पहिले वर्ष निघते. येथे नावांचा एक घोळ लक्षात ठेवावा. प्रिकिंग आयर्न हे मूळचे फक्त खुणा करण्याचे हत्यार आहे आणि भोके नंतर आरीने, म्हणजे मूठ असलेल्या टोकदार टोचणीने, पाडायची असतात, तर स्टिचिंग चिझलचे दात लांब असून ते आरपार जाण्यासाठीच केलेले असतात. खुणा करण्याचे हत्यार जाड चामड्यात ठोकून बसवले की ते अडकते आणि काढताना दात वाकतात.

पुढून सरळ दिसणारी टाक्यांची ओळ मागून वेडीवाकडी येत असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. छिन्नी खरोखर उभी धरली जाते का, हे बाजूने पाहून ठरवावे. थरांची एकूण जाडी दातांच्या लांबीला झेपते का, हे मोजावे, आणि झेपत नसेल तर प्रत्येक थराला वेगळी भोके पाडून ती सुईने जुळवावीत. तिसरे म्हणजे खालचा आधार. मऊ प्लास्टिकचा फळा दगडी लादीवर ठेवला तर घाव नेमका बसतो. डुगडुगत्या टेबलावर निम्मा जोर टेबलच खाते. छिन्नी अडकत असल्यास दातांना थोडे मधमाशीचे मेण लावावे आणि ती हलवत न काढता सरळ वर ओढावी. छिन्नीवर लोखंडी हातोडा कधीही मारू नये. त्याने छिन्नीचे डोके पसरते आणि घाव तिरके बसू लागतात. लाकडाची मोगरी किंवा नायलॉनचा हातोडा हवा.

दोरा आणि सुई

शिवणकामाचा साधा सुती दोरा चामड्याला चालत नाही, कारण तो भोकांच्या कडांवर घासून तुटतो आणि ओलाव्याने कमकुवत होतो. मेण लावलेला लिननचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा. ४ मिलिमीटर अंतराला सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा आणि ३ मिलिमीटरला ०.६ किंवा त्याहून थोडा बारीक दोरा शोभतो. संचातला दोरा बहुधा १ मिलिमीटरचा असतो आणि त्याने पाकिटाचे टाके गाठोड्यासारखे दिसतात. सुया बोथट टोकाच्या असाव्यात. भोके आधीच पाडलेली असल्यामुळे सुईला भेदायचे काही नसते, आणि टोकदार सुई त्याच भोकातल्या दुसऱ्या दोऱ्यात शिरून तो फाडते.

एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा नेणारा टाका हा या कामाचा पाया आहे. एका बाजूचा धागा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धागा शिवण धरून ठेवतो. त्यासाठी शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा कापावा आणि जाड थर असल्यास त्याहून जास्त. टाके एकसारखे तिरके येत नसतील तर दरवेळी कोणती सुई आधी घातली आणि दुसरा दोरा वर ठेवला की खाली, हे पाहावे. हा क्रम मध्येच बदलला की ओळ लगेच बिघडते.

गोंद, रंग आणि तेल

चिकटवलेले थर सुटत असतील तर बहुधा चामड्याच्या वरच्या गुळगुळीत बाजूवर थेट गोंद लावलेला असतो. जेवढी पट्टी चिकटवायची तेवढी आधी खरवडून घ्यावी. कॉन्टॅक्ट प्रकारचा गोंद दोन्ही भागांना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळवून मगच दाबतात, आणि त्याच्या वाफांमुळे खिडक्या उघड्या ठेवणे अत्यावश्यक आहे.

रंगवल्यानंतर हाताला रंग लागत राहिला, तर वरचा सुटा रंग कोरड्या फडक्याने पुसून काढलेला नसतो किंवा लेप घाईने दिलेला असतो. तेल थोडेच लावावे. जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होते आणि ते पुन्हा काढता येत नाही. ओल्या व्हेज टॅनवर अचानक निळे-काळे डाग उठले, तर तो बुरशीचा प्रकार आहे असे समजून घाबरू नये. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो, त्यामुळे लोखंडी पट्टी, वजन किंवा हत्यारांचा भुगा ओल्या चामड्याला लागला असावा. पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस असे डाग फिके करतो, पण तो आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावा.

ठसे, कोरीव कामाच्या सुऱ्या, बटणे बसवण्याचे दाबयंत्र आणि शिवताना चामडे पकडून ठेवणारा लाकडी घोडा हे सर्व नंतर घ्यावे. कटर, पोलादी पट्टी, दोन छिन्न्या, मोगरी, आरी, दोन सुया, एक दोरा, कड गोल करण्याचे हत्यार आणि कड घासण्याचे लाकूड एवढ्यावर कार्ड ठेवण्याचे साधे पाकीट पूर्ण होते.

त्या पाकिटाचे चामडे कापण्याआधी त्याच तुकड्यातून १० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या काढाव्यात. त्या एकमेकींना चिकटवून त्याच छिन्नीने भोके पाडावीत, त्याच दोऱ्याने शिवावे, अर्ध्या भागाला रंग आणि तेल द्यावे, आणि एक कड घासून पाहावी. कडेचे तंतू उभे राहतात, दोरा भोकात जास्त होतो, रंग डाग पाडतो, भोके मागून सरकतात, हे सारे या लहान तुकड्यावरच कळते. पट्टीच्या मागे दोऱ्याची जाडी, टाक्याचे अंतर आणि रंगाचे नाव पेनाने लिहून ती जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी तोच दोरा पुन्हा घ्यावा की बदलावा हे ठरवताना ती हाताशी राहील.