गावात जनसुनावणी लागली तर काय करायचं

खाण येणार, जेटी येणार म्हटलं की आपल्या कोकणात आठवड्याभरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते गावाची वाट लागेल, दुसरी म्हणते पोरं अजून किती दिवस मुंबईला धाडायची, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर असतं. म्हणून आधी देवळात बैठक लावा, बॅनर नंतर छापा.

जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी द्यायच्या आधी गावाचं म्हणणं ऐकून घ्यायची सरकारी बैठक. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी पेपरात येते. त्या अभ्यासाच्या अहवालाचा मराठी सारांश कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, तो पहिल्याच आठवड्यात आणा, झेरॉक्स काढून वाडीवाडीत वाटा. पाणी, रस्ता आणि मासेमारी, ही पानं आधी वाचा.

आमच्याकडे जेटीच्या अहवालात लिहिलेलं की त्या भागात मासेमारी जवळपास नाहीच. होड्या दिसल्या नसतील, पण ओहोटीला तिथेच पंचवीस-तीस बायका खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, कालवं (शिंपल्यातलं मांस) फोडायला बसतात, त्यांना कोणी धरलंच नव्हतं. मग आम्ही वही घातली, कोण कुठल्या खडपावर बसते, किती वाटे विकते, पावसाळ्यात किती दिवस बंद असतं, सगळं रोजच्या रोज. सगळ्यात कामाला आली ती हीच वही.

बैठकीत दोन याद्या करा. जिथे मागे हटायचंच नाही ते वेगळं काढा, म्हणजे खाडीचं तोंड, पिण्याची विहीर, कालवांची खडपं. आणि जिथे बोलता येतं ते वेगळं, माल नेणाऱ्या डंपरचे टाइम, त्यांच्यावर ताडपत्री, नोकऱ्या. डंपरवाली पोरं पण आपलीच हो, त्यांच्या डोक्यावर गाडीचे हप्ते आहेत, त्यांना एकदा गद्दार म्हटलंत की बोलणंच संपलं. आमच्याकडे शाळा भरायच्या-सुटायच्या वेळेला गाड्या बंद ठेवायचं त्याच पोरांनी मान्य केलं. मुंबईकर मंडळालाही (मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांचं मंडळ) आधीच बसवा, नाहीतर ऐन दिवशी ते वेगळंच निवेदन घेऊन उभे राहतात.

बहिष्कार टाकू नका. सुनावणीला कोरम लागत नाही आणि तिथे मतदानही नसतं, तुम्ही नसलात तरी ती पार पडते आणि तुमचं म्हणणं कागदावर येतच नाही, पुढे मंजुरीचं बघणारी तज्ज्ञ समिती बघणार ते कागदच. बोललात ते लेखी पण द्या, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं, तेव्हा जेवायला पळू नका! आमच्यात "मच्छीमारांनी चिंता व्यक्त केली" एवढंच लिहिलेलं, आम्ही उठून खडपांची नावं आणि बायकांची संख्या घालायला लावली.

मंजुरी मिळालीच तर अटींचं पत्र ग्रामपंचायतीतून मिळवा. त्या अटी पाळल्या का याचा अहवाल कंपनीने दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, तो मागून घ्या आणि डंपरवाल्या पोरांना सोबत घेऊन वाचा.