फॅमिलीला घेऊन बेअरबोटवर निघालाय? या चुका टाळा, आम्ही बहुतेक सगळ्या करून आलोय

आधी बेअरबोट म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या अपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की आम्ही क्रूझला गेलो होतो आणि तिथं बुफे होता. सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्यानं घेतो ना, तसली शिडाची बोट भाड्यानं घ्यायची. ड्रायव्हर नाही, स्वयंपाकी नाही, भांड्याला बाई नाही, नांगर आपण टाकायचा, शीड आपण चढवायचं आणि संडास तुंबला तर तोही आपणच मोकळा करायचा. आम्ही जानेवारीत थायलंडमधल्या फुकेटवरून निघालो, सात दिवस, चाळीस फुटी कॅटमरान (दोन सांगाडे जोडलेली बोट), चार केबिन. माणसं सात, नवरा, मी, दीर, जाऊ, दोन पोरं आणि सासूबाई. कोल्हापुरातून निघताना आमचा बोटीचा फॅमिली अनुभव म्हणजे रंकाळ्यातलं बोटिंग आणि २०१९ च्या पुरात शाहूपुरीतून बाहेर काढलं ते. दुसऱ्याला बोटिंग म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

पहिली चूक आम्ही थोडक्यात करता करता वाचलो, ती म्हणजे मे महिना. आपल्याकडं सुट्टी म्हटलं की मे, तिकीटं मेची, लग्नं मेची, सगळं मेचं. पण फुकेट अंदमान समुद्रात आहे, आणि आपला नैऋत्य मान्सून केरळात यायच्या आधी अंदमानात पोचतो, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे आपण इथं उन्हानं भाजत असतो आणि तिकडं पश्चिमेचा वारा आणि लाटा चालू झालेल्या असतात. सिमिलन बेटांचं नॅशनल पार्क तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. तिथला चांगला काळ डिसेंबर ते मार्च, वारा ईशान्येचा, आभाळ स्वच्छ. आम्ही पोरांच्या शाळेत आठ दिवसांची सुट्टी मागितली, बाईंनी तोंड वाकडं केलं, पण चाललं. ज्यांना मे शिवाय जमतच नाही त्यांनी सेशेल्स बघावं, तिथं एप्रिल-मे हा दोन वाऱ्यांच्या मधला शांत काळ असतो, जून लागला की आग्नेयेचा वारा जोर धरतो. कॅरिबियनच्या फोटोंना भुललात तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा हरिकेन सीझन आहे हे आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळानं ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या भाड्याच्या बोटींची काय दशा केली त्याचे फोटो बघा, एकावर एक रचलेल्या बोटी.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची. नवऱ्यानं आरवायए या ब्रिटिश सेलिंग संस्थेचा डे स्किपर केलाय, बोट चालवायचा पाच दिवसांचा प्रॅक्टिकल कोर्स असतो तो, आणि घरात त्या सर्टिफिकेटची फ्रेम आहे, हसू नका, खरंच आहे. पण बोट देणारे नुसता कागद बघत नाहीत, किती दिवस सेलिंग केलंय, कसल्या बोटीवर, किती लांबीच्या, असा सेलिंगचा बायोडेटा मागतात, आणि ताब्यात द्यायच्या आधी आपल्याला बोट हाताळायला लावतात. त्यांना नाही पटलं तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, घ्यायला लावतात आणि त्याचे पैसे आपलेच. आमच्या नवऱ्याचा सगळा अनुभव एका सांगाड्याच्या साध्या बोटीवरचा आणि ही कॅटमरान, दोन सांगाडे, दोन इंजिनं. मी म्हटलं पहिले दोन दिवस स्किपर घेऊया. याचा इगो दुखावला. दोन दिवस तोंड फुगवून बसला पण त्या दोन दिवसांत जे शिकला ते फ्रेममधल्या कागदावर नव्हतं. फॅमिली असेल तर हे कराच, आणि त्या माणसाला झोपायला जागा आणि जेवण आपल्याला द्यावं लागतं हे आधी हिशोबात धरा. आम्ही नाही धरलं, मग दोन रात्री पोरांना सलूनमध्ये, म्हणजे बोटीच्या बैठकीच्या खोलीत, झोपवलं.

आता खरी चूक, बाकीच्या सगळ्या हिच्यातनंच निघाल्या.

नवऱ्यानं प्लॅन केला होता अष्टविनायक यात्रेसारखा. सोमवारी हे बेट, मंगळवारी ते बेट, बुधवारी फी फी, गुरुवारी आणखी खाली. मॅपवर बोटानं अंतर मोजलं, एवढंसंच तर आहे. अहो पण बोटीचा वेग सहा नॉट, म्हणजे तासाला अकरा किलोमीटर. या वेगानं कोल्हापूरहून जोतिबाला जायला पावणेदोन तास लागतील. फुकेट ते फी फी ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चार तासांच्या वर, तेही सगळं नीट असेल तर, आणि पोचल्यावर नांगर, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) उतरवणं, पोरांची तोंडं धुणं वेगळंच. त्यात दुपारी तीन-चारच्या आत मुक्कामी पोचायला पाहिजे, कारण सूर्य वर असतो तेव्हाच पाण्याखालची प्रवाळं आणि खडक रंगावरून कळतात, सूर्य समोर आला की नुसतं चकाकतं. सूर्य बुडाला की अंधारही पटकन पडतो, आणि रात्री बोट चालवायला बहुतेक भाड्याच्या करारात मनाईच असते. तिसऱ्या दिवशी मी तो प्लॅनचा कागद घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवला. मग दोन बेटांतच राहिलो, एकेका जागी दोन-दोन रात्री, आणि तेव्हा कुठं सुट्टी चालू झाली. दिवसाला दोन-तीन तास बोट चालवणं बास.

आणि यूट्यूबचे जुने व्हिडिओ बघून तर अजिबात ठरवू नका. नवऱ्याला फी फीच्या माया बेमध्ये नांगर टाकून सकाळचा चहा घ्यायचा होता. ती खाडी जून २०१८ मध्ये बंद केली, प्रवाळ मेली म्हणून, आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली तेव्हापासून बोटी आत न्यायच्या नाहीत, मागच्या बाजूनं उतरून चालत जायचं, आणि तिथं पोहायलाही बंदी. चहा आम्ही दुसरीकडं प्यायलो. तसंच फांग ना खाडीच्या आतल्या बाजूला पाणी गढूळ असतं, शांत आहे, पोरांना बरं आहे, ते चुनखडीचे उभे डोंगर तर बघत राहावेत, पण स्नॉर्केलिंगला जाऊन काही दिसत नाही, त्यासाठी दक्षिणेकडंच जायला लागतं.

भरती-ओहोटीचं काय सांगू. आपण कोल्हापूरकर जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो की नाही, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, लहान पोरालाही पाठ. आणि तीच आपण माणसं समुद्रात जाताना टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघत नाही! फुकेटच्या बाजूला अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी अडीच-तीन मीटर वरखाली होतं, दिवसातून दोनदा.

को याओ नोई बेटावर सकाळी अकराला भरतीच्या पाण्यातनं डिंगी थेट वाळूवर नेली, इंजिन वर उचललं, दोर एका झाडाला बांधला आणि जेवायला गेलो. जेवण झालं, पोरांनी शहाळी प्यायली, सासूबाईंनी सावलीत डोळा लावला. दोन वाजता बघतो तर डिंगी चिखलात, आणि पाणी पार तिकडं, लाटेचा आवाजसुद्धा येईना. डिंगी अधिक इंजिन अधिक पेट्रोलची टाकी, दोन माणसांना हलत नाही. आम्ही चौघं ओढतोय, पाय घोट्यापर्यंत आत, एक चप्पल तिथंच राहिली, कोल्हापुरी नव्हे, साधी रबरी. शेजारी एक होडीवाला जाळं विणत बसलेला, तो हसला आणि हातानं सूर्य बुडाल्याची खूण केली, म्हणजे पाणी तेव्हाच येणार. शेवटी तोच आणि त्याचा पोरगा आले आणि सहा जणांनी ढकलली.

नंतर कळलं की ओहोटी सारख्या वेगानं होतच नाही. सहा तासांत पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढं पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन, म्हणजे अर्धं पाणी त्या दोन तासांत जातं. आपण नेमके तेव्हाच जेवत असतो. आता उपाय, उतरायचं तर पाणी चढत असताना उतरा, किंवा डिंगी छोट्या नांगरावर पाण्यातच ठेवून लांब दोर किनाऱ्याला आणा. रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते हेही धरा. तिथल्या डोंगरांच्या पोटात हाँग असतात, थाई भाषेत हाँग म्हणजे खोली, गुहेतून कयाक (वल्ह्याची छोटी होडी) नेली की आत उघड्या आभाळाखाली तळं, त्यातही हेच, पाणी फार वर असलं तर छत डोक्याला टेकतं, फार खाली असलं तर कयाक अडकते. आत गेल्यावर पाणी चढलं तर काय, हा विचार आत जायच्या आधी करायचा असतो.

रात्री नांगर सरकला तोही याच भानगडीत. पाण्याची खोली सहा मीटर दिसली, पाचपट म्हणून तीस मीटर साखळी सोडली आणि झोपलो, पण रात्री भरतीनं खोली झाली नऊ, म्हणजे साखळी पंचेचाळीस मीटर तरी पाहिजे होती, वरनं डेकची उंची वेगळीच. पहाटे दोनला अँकर अलार्म वाजला. साखळी भरतीच्या खोलीवर मोजा, नांगर टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू जोर देऊन तो रुतलाय का बघा, किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागचा खडक एका रेषेत धरून बसा, रेष तुटली तर सरकतोय. आणि प्रवाळावर कधीच टाकू नका, मुरिंग बोया, म्हणजे बोट बांधायला तळाशी पक्का केलेला तरंगता गोळा, असेल तर तोच घ्या.

नांगर टाकताना आणखी एक होतं, ते म्हणजे नवरा-बायकोचं भांडण. पुढं मी, मागं स्टिअरिंगवर हा, मध्ये इंजिनचा आवाज, "डावीकडं म्हणतोय ना!", "कुणाच्या डावीकडं?", आणि शेजारच्या बोटीवरची मंडळी बिअर घेऊन आमच्याकडं बघत बसलेली. दुसऱ्या दिवसापासून तोंड बंद, फक्त हाताच्या खुणा, पुढं, मागं, थांब, सोड. पोरं अजून घरात टीव्हीचा आवाज कमी करायला त्याच खुणा वापरतात.

स्वयंपाकाचं आम्ही जास्तच सामान नेलं. जाऊबाईंनी मिक्सर आणला होता, तांबड्या रश्श्याचं वाटण करायला. मिक्सर साडेसातशे वॉटचा, बोटीची बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे बॅटरीतून साठ अँपिअरच्या वर करंट ओढणार. इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि गप्प झाला, त्याच्याबरोबर सगळ्यांचं फोन चार्जिंगही. कांदा-लसूण मसाला घरून डब्यात भरून न्या, वाटणाचा नाद सोडा. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेल असतं म्हणून पेटणाऱ्या मालात धरतात, आमच्या एअरपोर्टवरच काढून ठेवल्या. मटणाचं लोणचं वगैरे परदेशात न्यायच्या भानगडीत पडू नका.

पाणी मात्र सगळ्यात जास्त नडलं. टाकी सहाशे लिटरची, माणसं सात, दिवस सात, म्हणजे डोक्याला रोज बारा लिटर, त्यातच भांडी. पहिल्या दिवशी पोरांनी शॉवर चालू ठेवून गाणी म्हटली. तिसऱ्या दिवशी पंप सारखा चालू राहायला लागला, हे लक्षात ठेवा, नळ बंद असताना पंप थांबत नसेल तर एकतर कुठं गळतंय नाहीतर टाकी संपलीय, लगेच स्विच बंद करा नाहीतर पंप जळेल. आमची संपली होती. सासूबाई चारी बाजूला बघून म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि आंघोळीला तांब्याभर?" मग परत मरिनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, जाऊन भरलं, अर्धा दिवस गेला. आंघोळ समुद्रात, वरनं शेवटी गोड्या पाण्याचे दोन तांबे, आणि प्यायचे बाटल्यांचे कॅन वेगळे, असं पहिल्या दिवसापासून करा.

संडासाबद्दल एकच वाक्य सगळ्यांना पाठ करून घ्या, आधी खाल्लेलं नसेल ते आत टाकायचं नाही. पेपर नाही, वाइप्स तर नाहीच नाही. त्या पाइपची जाडी बघितली की कळतं का ते. आणि वापरून झाल्यावर पंप वीस-पंचवीस वेळा मारायचा, पाच वेळा मारून पळायचं नाही. कुणी पळालं ते मला माहीत आहे, पण घरातलं आहे म्हणून सोडते.

इंजिन सुरू केलं की रोज मागं वाकून बघा, धुराच्या नळीतनं पाणी पडतंय का. पडत नसेल तर लगेच बंद. बहुतेक वेळा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकलेलं असतं, नाहीतर पाणी आत घ्यायचा व्हॉल्व्हच कुणीतरी बंद ठेवलेला असतो, त्या दोन्हीत नसेल तर इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चकती, आणि तेव्हा कंपनीला फोन. इंजिन चालूच होत नसेल तर आधी गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा, नवऱ्यानं अर्धा तास फ्यूज शोधले होते. रिव्हर्स घेताना डिंगीचा दोर आखूड करा, नाहीतर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळतो.

उलट्यांचं म्हणाल तर सोपी टेस्ट आहे, गगनबावड्याच्या घाटातून एसटीनं उतरताना ज्यांना होतं त्यांना बोटीवरही होणार. गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नव्हे, आणि पोरांचा डोस डॉक्टरांना विचारून. खाली केबिनमध्ये मोबाइल बघत बसलं की हमखास, वर येऊन क्षितिजाकडं बघायला लावा.

पैशाचं एक राहिलं. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात, रक्कम मोठी असते, त्यामुळं कार्डाचं इंटरनॅशनल चालू आहे का आणि लिमिट पुरतंय का हे कोल्हापुरातच बघा, मरिनाच्या काउंटरवर उभं राहून बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावत बसू नका, तिकडं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं असतं, त्यामुळं सकाळी कोण उचलणार. बोट ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा. शेवटची रात्र मरिनाच्या जवळच काढा, कारण परतायची वेळ सकाळची असते आणि डिझेल भरून द्यायचं असतं. आमच्या डिपॉझिटमधनं विंचच्या, म्हणजे शिडाचे दोर ओढायच्या चाकाच्या, हँडलचे पैसे कापले. ते धाकट्यानं मासे मारायला घेतलं होतं, मासा नाही लागला.